न सापडल्याचा हिशेब

दोनाहून मोठी कुठलीही सम संख्या घ्या, ती दोन मूळ संख्यांची बेरीज असते. १० म्हणजे ३ आणि ७, १०० म्हणजे ३ आणि ९७. ख्रिस्तियान गोल्डबाखने ७ जून १७४२ रोजी मॉस्कोहून बर्लिनला ऑयलरला पत्र लिहिलं, त्यातून ही अटकळ निघाली. सातवीतल्या पोरालाही कळेल असं हे विधान, पण आजवर कुणाला ते सिद्ध करता आलेलं नाही आणि खोडताही आलेलं नाही. दोन्ही जमत नसलं की माणसं तिसरं काहीतरी करतात, ते म्हणजे तपासत बसतात. त्या तपासत बसण्याचा मला काही वर्षं पगार मिळत होता.

मी मूळची प्रोग्रॅमर. हिंजवडीत एका कंपनीच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर काम केलं, मग पुण्यातल्याच एका महाविद्यालयाच्या गणित विभागात प्रकल्प साहाय्यक म्हणून लागले. पगार निम्म्यावर आला. घरच्यांना त्यावर जे बोलायचं होतं ते बोलून झालं. काम असं होतं की गोल्डबाखची अटकळ इतरांनी जिथवर तपासली आहे, त्यातले काही पट्टे आम्ही आमच्या स्वतःच्या प्रोग्रॅमने पुन्हा तपासायचे. नवा विक्रम वगैरे करायचा नव्हता, तेवढी यंत्रंही आमच्याकडे नव्हती. सरांना ही पद्धत विद्यार्थ्यांच्या हातून करून घ्यायची होती, आणि ‘कुणीतरी तपासलंय’ या वाक्यावर त्यांचा विश्वास कमी होता.

तपासणीचा इतिहास यंत्रांच्या आधीचा आहे. १८५५मध्ये देबोव्ह यांनी दहा हजारांपर्यंतच्या संख्या तपासल्या. १९३८मध्ये निल्स पिपिंग यांनी एक लाखापर्यंत मजल मारली, तीही हाताने. पोर्तुगालमधले टोमास ऑलिव्हेरा इ सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३पर्यंत ही हद्द चारावर अठरा शून्यं इथवर नेली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांच्या नावांची जी यादी आहे ती परार्धाला संपते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. म्हणजे ही हद्द झाली चाळीस परार्ध. विभागात आम्ही गमतीने हाच शब्द वापरायला लागलो आणि मग तोच रुळला. ‘दहा परार्धांच्या पुढचा पट्टा कुणाकडे आहे?’ असं कुणी कॉरिडॉरमध्ये ओरडलं की बाहेरून आलेला माणूस थबकून बघायचा.

बिलिंगच्या कामात यश म्हणजे काहीतरी घडणं असतं. बिल निघतं, पैसे वळते होतात, ग्राहकाचा फोन येत नाही. इथे यश म्हणजे काहीच न घडणं. रात्रभर यंत्रं चालायची, सकाळी लॉग उघडला की प्रत्येक ओळीच्या शेवटी शून्य. दोन मूळ संख्यांत न बसणाऱ्या सम संख्या: शून्य. क्लस्टररूम सांभाळणारे काका चहा घेऊन यायचे आणि विचारायचे, ‘‘काय मॅडम, सापडला का?’’

‘‘नाही, काका.’’

‘‘मग ते चांगलं की वाईट?’’

‘‘चांगलंच.’’

‘‘मग नक्की शोधताय काय तुम्ही?’’

हा प्रश्न आमच्या पहिल्या सादरीकरणात समितीनेही विचारला होता, फक्त इंग्रजीत. आज मी त्याचं उत्तर असं देईन: आम्ही प्रतिउदाहरण शोधत नव्हतो. आम्ही एक ‘नाही’ तयार करत होतो, ज्याच्यावर दुसऱ्या कुणाला भार टाकता येईल असा ‘नाही’. ‘हो’ सिद्ध करायला एक उदाहरण पुरतं, ते कागदावर लिहून कुणालाही पडताळता येतं. ‘नाही’ पडताळायचा म्हणजे सगळं काम पुन्हा करावं लागतं. म्हणून तो बनवतानाच असा बनवावा लागतो की पुन्हा करणाऱ्याला धरायला काहीतरी हाताशी असेल.

काम कसं चालतं ते जरा सविस्तर सांगते, कारण मजा तिथेच आहे. दहा परार्धांच्या आसपासचा, एकावर बारा शून्यं एवढ्या लांबीचा एक पट्टा घेतला. त्यातल्या सगळ्या मूळ संख्या आधी काढायच्या. त्यासाठी अजूनही एरॅटोस्थेनिसची चाळणीच वापरतात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची. एकेका मूळ संख्येच्या पटी खोडत जायचं आणि जे उरेल ते मूळ. दहा परार्धांजवळ चाळायचं तर शंभर कोटींपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या हाताशी लागतात, आणि त्या आहेत ५,०८,४७,५३४. हा आकडा मला माझ्या फोन नंबरसारखा पाठ झाला होता.

आता पट्टा एकदम मेमरीत मावत नाही. त्याचे खंड पाडतात. खंड एवढाच ठेवायचा की तो प्रोसेसरच्या जवळच्या कॅशमध्ये बसला पाहिजे, कारण रॅमपर्यंत जाऊन येण्यातच प्रोसेसरचा जीव जातो. आमचा खंड २५६ केबीचा होता. एका विषम संख्येला एक बिट धरला तर त्यात सुमारे ४२ लाख लांबीचा तुकडा मावतो. एका पट्ट्यात असे दोन लाख अडतीस हजारांहून जास्त खंड. अडचण इथून सुरू होते. पाच कोटी मूळ संख्यांपैकी ४२ लाखांच्या आतल्या जेमतेम तीन लाख आहेत. त्या प्रत्येक किंवा निदान एकाआड एक खंडात हजेरी लावतात, त्यांचं ठीक आहे. पण बाकीच्या सगळ्या मोठ्या. पन्नास कोटींजवळची एखादी मूळ संख्या दोनशे-अडीचशे खंडांतून एकदा उगवते, एक बिट खोडते आणि पुन्हा गायब होते. प्रत्येक खंडाला या पाच कोटींना ‘तुमचं इथे काही आहे का?’ असं विचारत बसलं तर त्या विचारण्यातच जन्म जाईल.

यावरची युक्ती ऑलिव्हेरा इ सिल्व्हा यांच्या कामातून सगळ्यांनी उचलली आहे. प्रत्येक खंडाची एक बादली ठेवायची. मोठ्या मूळ संख्येने एका खंडातलं आपलं काम उरकलं की तिचं पुढचं काम कुठल्या खंडात आहे ते लगेच काढायचं आणि तिला त्या खंडाच्या बादलीत टाकून मोकळं व्हायचं. कालव्याच्या पाणीवाटपात ज्याची पाळी ज्या दिवशी, त्याचं नाव त्याच दिवसाच्या कागदावर असतं, रोज गावभर विचारत फिरावं लागत नाही, तसंच हे. खंडाची वेळ आली की फक्त त्याच्या बादलीतल्या संख्या काढायच्या. ही बादल्यांची व्यवस्था लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात जास्त आनंदही तिनेच दिला. पाच कोटी नोंदी, प्रत्येकी आठ बाइट, म्हणजे एका प्रोसेसला चाळीस कोटी बाइट फक्त बादल्यांना. आठ कोअरवर आठ प्रोसेस सोडल्या की आमच्या लॅबमधल्या साध्या डेस्कटॉपची रॅम संपलीच. मग नोंदी आखडत्या घ्यायच्या, बादल्या गोल फिरवून पुन्हा वापरायच्या. बिलिंगच्या दिवसांत कुणी एका बाइटसाठी भांडताना मी पाहिलं नव्हतं.

चाळून झालं की गोल्डबाखचा भाग त्यामानाने सोपा, आणि फार सुंदर. मूळ संख्यांच्या बिटांची ओळ ३ साठी सरकवायची, ५ साठी सरकवायची, ७ साठी सरकवायची आणि एकमेकींवर ठेवत जायची. ज्या सम संख्येच्या जागी निदान एकदा तरी बिट पेटला, तिची जोडी मिळाली. एका फटक्यात ६४ सम संख्यांचा निकाल लागतो. दहा परार्धांजवळ साधारण एकवीस विषम संख्यांत एक मूळ असते, त्यामुळे पहिल्या सरकवण्यात शेकड्याला पाचच्या आसपास सम संख्या भरतात. मग भर चढत जाते. तीनने भाग जाणाऱ्या सम संख्या लवकर भरतात, कारण त्यांच्या जोड्याच साधारण दुप्पट असतात. ओळीत काही भोकं शेवटपर्यंत रेंगाळतात. त्यांना एकेकटं गाठायचं. सगळ्या चाळीस परार्धांत सगळ्यात जास्त रेंगाळलेली संख्या आहे ३३,२५,५८,१७,०७,३३,३९,६०,५२८. तिच्या जोडीतली छोटी मूळ संख्या ९७८१ आहे, त्याहून लहान चालत नाही. उलट बाजूने बघा: चाळीस परार्धांपर्यंतची कुठलीही सम संख्या घेतली, तरी ९७८१ किंवा त्याहून लहान अशी एक मूळ संख्या तिची जोडी लावायला पुरते. सरांनी हे सांगितलं तेव्हा मला आधी खोटंच वाटलं होतं. एकोणीस अंकी संख्येला चार अंकी जोडीदार.

आता ‘नाही’कडे येते. या प्रोग्रॅममध्ये चुका दोन तऱ्हेच्या होऊ शकतात, आणि दोन्ही सारख्या नाहीत. समजा एखादी खरी मूळ संख्या चुकून खोडली गेली. तर फार तर एखाद्या सम संख्येला जोडी मिळायची नाही, प्रोग्रॅम बोंब मारेल, आपण जाऊन बघू आणि चूक सापडेल. ही चूक बोलकी. पण समजा खोडायचा बिट खोडायचा राहिला आणि एक संयुक्त संख्या मूळ म्हणून मिरवू लागली. तर तिच्या जोरावर काही सम संख्यांना खोट्या जोड्या मिळतील आणि लॉगमध्ये छान शून्य येईल. ही चूक मुकी. अख्खी तपासणी या मुक्या चुकीविरुद्ध रचावी लागते. नवीन आलेल्या एम.एस्सी.च्या मुलांना पहिल्या दिवशी मी हेच सांगायचे. त्यांची हमखास चूक वर्गमुळाची असे. संगणकातल्या नेहमीच्या दशांश प्रकारात नव्वद कोटी कोटींच्या, म्हणजे दोनच्या ५३व्या घाताच्या पलीकडे सगळ्या पूर्णांकांची नेमकी नोंदच होत नाही. त्या पलीकडच्या संख्येचं वर्गमूळ साध्या फंक्शनने काढलं की ते एकाने इकडेतिकडे होऊ शकतं. एकाने कमी आलं आणि नेमकी तिथेच एक मूळ संख्या असली, तर तिचा वर्ग न खोडता राहतो. मुकी चूक.

पहारा कसा ठेवायचा? मोजून. प्रत्येक पट्ट्यातल्या मूळ संख्यांची मोजदाद ठेवायची. दहा परार्धांजवळच्या एका पट्ट्यात त्या सुमारे २४०० कोटी निघतात. आणि ही मोजदाद दुसऱ्या, सर्वस्वी वेगळ्या वाटेने काढलेल्या आकड्याशी लावून बघायची. मूळ संख्या एकेक न काढताही, अमुक संख्येपर्यंत त्या किती आहेत हे सांगता येतं. एकोणिसाव्या शतकात माइसेल यांनी त्याचा पाया घातला, लेहमर यांनी ती रीत संगणकावर आणली, १९८५मध्ये लगारियास, मिलर आणि ओड्लिझ्को यांनी तिला वेग दिला. किम वालिश यांचा ‘प्राइमकाउंट’ हा मुक्त प्रोग्रॅम त्याच कुळातला. दहा परार्धांपर्यंत २४,७३,९९,५४,२८,७७,४०,८६० मूळ संख्या आहेत हे तो तिथवरच्या सगळ्या संख्या न चाळता सांगतो. पट्ट्याच्या दोन टोकांचे आकडे काढायचे, वजाबाकी करायची आणि आमच्या चाळणीच्या मोजणीशी ताडायची. एकाचाही फरक चालत नाही.

एकाने काय बिघडतं, असं वाटणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक जुनी हकिकत होती. माझा तो पाठ झालेला आकडा, ५,०८,४७,५३४. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हाताने केलेल्या मोजदादीत तो ५६ने कमी आला होता आणि छापलाही गेला. लेहमर यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस संगणकावर गणित मांडलं तेव्हा ते उघड झालं. साठ वर्षांहून जास्त काळ तो आकडा ग्रंथांत निर्धास्त बसला होता. आणि हाताचंच कशाला? १९९४मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात थॉमस नाइसली हे प्राध्यापक जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३ ही जोडी आली तिथे उत्तर जुळेना. महिनोन्‌महिने त्यांनी प्रोग्रॅम, कंपायलर, मदरबोर्ड असं एकेक बाजूला काढत नेलं, आणि शेवटी उरली ती पेंटियम चिप. तिच्या भागाकाराच्या कोष्टकातल्या पाच नोंदी भरायच्या राहून गेल्या होत्या. इंटेलने त्या चिपा बदलून देण्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. माझ्या मते त्यात मोठेपणा चूक सापडण्यात नाही. प्रत्येक बेरीज दुसऱ्या वाटेने ताडून बघायची सवय त्यांना आधीपासून होती, त्यात आहे. ती नसती तर जगभर भागाकार चालू होतेच.

आमच्याकडे एवढं भव्य काही घडलं नाही. एका मे महिन्यात, लॅबचा एसी धापा टाकत असताना, एका पट्ट्याची मोजणी एकाने जास्त आली. २४०० कोटींत एक. गोल्डबाखच्या रकान्यात मात्र नेहमीचं शून्य. तोच पट्टा दुसऱ्या यंत्रावर टाकला तर मोजणी बरोबर. पहिल्या यंत्रावर पुन्हा टाकला, तरी बरोबर. मुलं म्हणाली, ‘‘मॅडम, आता जुळलंय ना, मग सोडा.’’ सोडण्यासारखं नव्हतं. सुदैवाने आम्ही पट्ट्याच्या हजार हजार खंडांची मोजणी वेगळी लिहून ठेवत असू. बरोबर आलेल्या रनशी ओळीमागून ओळ लावत एका गटावर आलो, त्या गटातले खंड पुन्हा चाळले आणि अखेर कुठल्या खंडात फरक पडला असावा ते कळलं. मूळ बिटांचा तक्ता साठवलेला नव्हता, तेवढी डिस्क कुणाकडे असते! म्हणजे कुठला बिट उलटला ते कायमचं गेलं. यंत्रावर मेमरी तपासणीचा प्रोग्रॅम रात्रभर सोडला. पहाटेच्या सुमारास रॅमच्या एका पट्टीवर लाल ओळी दिसू लागल्या. सर्व्हरच्या मेमरीत एखादा बिट उलटला तर तो स्वतःच दुरुस्त करायची सोय असते. लॅबच्या डेस्कटॉपमध्ये ती नव्हती.

त्या खोट्या मूळ संख्येमुळे निकाल बदलला असता का? नाही. तिच्या आधाराने भरलेल्या प्रत्येक सम संख्येला दुसरी खरी जोडी होती, हे फेररनने दाखवलंच. मी सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘उत्तर बरोबरच होतं. पण ते आपण बरोबर मिळवलेलं नव्हतं.’’ आणि त्या यंत्रावर आधी झालेले सगळे पट्टे पुन्हा करायला सांगितले, मोजणी जुळलेलेसुद्धा. मुलं वैतागली. पण मोजणी जुळली तरी एक बिट इकडे आणि एक तिकडे उलटला असेल तर दोन चुका एकमेकींना झाकतात. तेव्हापासून आम्ही मोजणीच्या जोडीला पट्ट्यातल्या सगळ्या मूळ संख्यांची बेरीजही ६४ बिटांत ठेवू लागलो, आणि प्रत्येक पट्टा दोन वेगळ्या प्रोग्रॅमनी, दोन वेगळ्या यंत्रांवर. काम दुप्पट झालं. प्रकल्पाच्या अहवालात त्यासाठी एकच ओळ मिळाली.

हे सगळं कशासाठी, हा प्रश्न मला गणितवाल्यांनीही विचारला आहे, आणि त्यांचा रोख काकांपेक्षा तिखट असतो. हार्डी आणि लिटलवूड यांच्या १९२३च्या अंदाजाने बघितलं तर दहा परार्धांजवळच्या सम संख्येला शेकडो लाख कोटी जोड्या असायला हव्यात. संख्या वाढेल तशा त्या वाढतच जातात. एखादीला एकही नसेल, ही शक्यता मनात आणायलाही हसू येतं. मग ज्याच्याबद्दल कुणाला शंकाच नाही ते का तपासायचं? आणि समजा तपासलं, तरी चाळीस परार्ध म्हणजे अनंतापुढे काय?

दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आकडे कितीही जमवले तरी त्यांची सिद्धता होत नाही, आणि आकडे फसवतातही. जॉर्ज पोल्या यांनी १९१९मध्ये एक अटकळ मांडली होती. २ किंवा त्याहून मोठ्या कुठल्याही संख्येपर्यंत १ पासून मोजा, ज्यांचे मूळ अवयव, पुन्हा आलेले धरून, विषम संख्येने आहेत अशा संख्या निम्म्याहून कमी कधीच भरत नाहीत. कोट्यवधी तपासा, ती खरीच वाटते. ९०,६१,५०,२५७ला ती कोसळते. आज आमच्या लॅबमधलं यंत्र तिथवर बघता बघता पोचतं, पण कागदावर हिशेब करणाऱ्या पिढीला ती जागा कधीच दिसली नसती. मर्टेन्स यांची १८९७ची अटकळ तर आणखी छळवादी निघाली. १९८५मध्ये ओड्लिझ्को आणि ते रिएले यांनी ती खोटी ठरवली, पण ती नेमकी कुठे मोडते ती संख्या आजही कुणी लिहून दाखवलेली नाही. आणि आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर भास्कराचार्यांचं ६१. एखाद्या संख्येच्या वर्गाची ६१ पट करून त्यात एक मिळवला तर पूर्ण वर्ग होतो का? एकापासून एकेक आकडा घालत बसलात तर २२ कोटींपर्यंत ‘होत नाही’ हेच उत्तर येईल. २२,६१,५३,९८०ला तो होतो, १,७६,६३,१९,०४९चा वर्ग. भास्कराचार्यांनी ते बीजगणितात चक्रवाल पद्धतीने काढलं, ११५०मध्ये, एकेक आकडा न घालता. दरवर्षी मी नव्या मुलांकडून हे आधी यंत्रावर शोधून घ्यायचे आणि मगच चक्रवाल दाखवायचे. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होत.

पण पहिल्या आक्षेपाचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, आणि ते गोल्डबाखच्याच भावंडात होतं. पाचाहून मोठी प्रत्येक विषम संख्या तीन मूळ संख्यांची बेरीज असते, ही त्याची हलकी बहीण. विनोग्रादोव यांनी १९३७मध्ये ‘पुरेशा मोठ्या’ विषम संख्यांसाठी ती सिद्ध केली. मेख त्या ‘पुरेशा मोठ्या’त होती. त्यानंतर कित्येक दशकं ती हद्द एवढी प्रचंड राहिली की खालच्या संख्या तपासून संपवणं कुठल्याच यंत्राच्या आवाक्यात नव्हतं. २०१३मध्ये पेरूत जन्मलेल्या हाराल्ड हेल्फगॉट यांनी ती एकावर २७ शून्यं इथवर खाली ओढली. आणि खालचा सगळा भाग? तो त्यांनी डेव्हिड प्लॅट यांच्याबरोबर यंत्रावर उरकला, तोही २७ शून्यांच्या बराच पलीकडे, सुमारे ८.८७५ गुणिले एकावर ३० शून्यं इथवर.

एवढं कसं तपासलं असेल? एकेक संख्या घेऊन नव्हे. त्यांनी मूळ संख्यांची एक शिडी उभी केली. जिचं मूळपण झटपट सिद्ध करता येतं अशा जातीच्या, प्रोथ यांच्या नावाच्या मूळ संख्या निवडत गेले, फक्त दोन पायऱ्यांमधलं अंतर चाळीस परार्धांहून कमी राहील एवढं बघितलं. आता कुठलीही मोठी विषम संख्या घ्या. तिच्यातून खालची योग्य पायरी वजा करा. उरते चाळीस परार्धांच्या आतली एक सम संख्या. आणि ती दोन मूळ संख्यांची बेरीज आहे, हे ऑलिव्हेरा इ सिल्व्हांच्या यंत्रांनी आधीच बघून ठेवलंय. झाल्या तीन मूळ संख्या.

सरांनी हे फळ्यावर मांडलं तेव्हा वर्गात सात-आठ जण असू. सगळ्या लॉगमधली ती शून्यं अचानक दुसऱ्याच्या सिद्धतेत वीट म्हणून बसलेली दिसली. त्यांत आमची नव्हती, आमची फेरतपासणी त्या मानाने कणभर. पण त्याच जातीची होती. आपण एक पट्टा एका तासात धरला तर चाळीस परार्धांना एका कोअरची साडेचारशे वर्षं लागतात. कुणीतरी शेकडो यंत्रांचा रिकामा वेळ गोळा करून, कुणी विचारत नसताना, ते काम करून ठेवलं होतं.

आमच्यातला एक मुलगा, दुबार रनवर सगळ्यात जास्त कुरकुरणारा, त्याने तेव्हा चांगला प्रश्न काढला. चाळीस परार्धांची तपासणी एकदा झाली आहे, पण २०१३च्या नोंदीप्रमाणे दुबार तपासलेला भाग चारच परार्धांचा. मग सिद्धता एकेरी तपासणीवर उभी आहे का? सर काही बोलण्याआधी त्यानेच खडू घेतला. २७ शून्यांपर्यंतच शिडी हवी आहे. पायऱ्यांतलं अंतर चार परार्धांच्या आत ठेवलं तर अडीचशे कोटींहून थोड्या जास्त पायऱ्या पुरतात. त्या एवढ्या कमी आहेत की ते काम सहज होण्यासारखं आहे. म्हणजे फक्त दुबार तपासलेला भाग धरला, तरीही शिडी वरपर्यंत पोचते.

‘‘मग बाकीचे छत्तीस परार्ध?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘ते अजून एकेरी आहेत,’’ तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळून त्याने दुसऱ्या रनसाठी डिस्कवर किती जागा शिल्लक आहे ते विचारलं. जागा नव्हती. दुपारी बसून आम्ही जुने टेस्ट रन पुसले.